किलोमीटरला रुपया

अकरा वर्षं मी पावत्या फाडल्या. मागितलं मात्र एकदाही नव्हतं.

आमची संस्था लहान. आदिलाबादेत दोन खोल्या, एक थकलेली जीप आणि उटनूर, नारनूर, इंद्रवेल्लीकडच्या गोंड-कोलामांच्या गुड्यांत सिकलसेल तपासणीची शिबिरं, एवढाच पसारा. मी तिथला हिशेबनीस. देणगी आणायची ती डॉक्टरांनी किंवा संचालक मॅडमनी. माझ्या टेबलावर पोचेपर्यंत तिचा आकडा झालेला असे. त्या आकड्याला नाव, पत्ता, पॅन जोडायचा, कार्बन सरकला नाही ना ते बघायचं, शिक्का मारायचा, मूळ प्रत दात्याला, दुसरी आपल्याला. आकडा खतावला की माणूस संपला. कुणाच्या दारात उभं राहून 'द्या' म्हणायला तोंड कसं उघडतात, हे 2022च्या दिवाळीपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

भानगड सुरू झाली माझ्या साखरेमुळे. डॉक्टर म्हणाले, चाला. मी इंदिरा प्रियदर्शिनी स्टेडियमला पहाटे फेऱ्या मारू लागलो. आदिलाबादची थंडी ज्याला माहीत आहे त्याला कळेल, तिथे डिसेंबरात चालण्यापेक्षा पळणं बरं वाटतं, अंग तरी तापतं. चालता चालता पळायला लागलो, पळता पळता दहा किलोमीटर गाठले. ही बातमी ऑफिसात पोचायला नको होती, ती पोचली.

त्या साली संस्थेला टाटा मुंबई मॅरेथॉनच्या धर्मादाय कोट्यातला एक बिब, म्हणजे पळणाऱ्याचा छातीवरचा नंबर, मिळाला होता, अर्ध्या मॅरेथॉनचा. मुंबईची ही शर्यत 2004 पासून चालते. तिच्यात पळणारे हजारो लोक कुठल्या ना कुठल्या संस्थेसाठी ओळखीपाळखीत पैसे गोळा करतात. त्या सगळ्याची व्यवस्था युनायटेड वे मुंबई बघते. करोनामुळे दोन हिवाळे शर्यत झाली नव्हती. आता 15 जानेवारी 2023 ला अठरावी होती. मॅडमनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "आपल्याकडे पळणारे तुम्ही एकटेच. एकवीस किलोमीटर पळायचं आणि लाखभर रुपये जमवायचे." पळण्याची भीती वाटली नाही. लाखाची वाटली.

पहिला प्रयत्न सगळे करतात तोच केला. व्हॉट्सअॅपवर लांबलचक संदेश, खाली लिंक. एकतीस अंगठे आले, चार हात जोडलेले आले, आणि पैसे आले ते भाऊजींचे, पाचशे, तेही बहिणीने आठवण दिल्यावर. अंगठ्याची पावती फाडता येत नाही. आमच्याकडे फोनवरून लग्नाचं आमंत्रण दिलं तरी लोक म्हणतात, 'पत्रिका कुठाय?' मग चंदा फोनवर कोण देणार?

चंदा हाच आमचा शब्द. पुण्या-मुंबईत वर्गणी आणि देणगी वेगवेगळी. आदिलाबादेत मराठी माणूस, तेलुगू माणूस, उर्दू बोलणारा, सगळे चंदाच म्हणतात. गणपतीचा चंदा, उरुसाचा चंदा, वारलेल्या हमालाच्या घरासाठी चंदा. या तिन्हींत कुणी कारण विचारत नाही. माझ्या चंद्याला मात्र पहिल्याच दिवशी कारण विचारलं गेलं. कापसाच्या मार्केट यार्डासमोर चहाची टपरी आहे. तिथे मी पावतीपुस्तक काढलं, तर चहावाला गाळणी आपटत म्हणाला, "काय सार, पयनार तुमी अन् पैसे आमी द्याचे? हे काहून?"

मी सिकलसेल समजावू लागलो. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहायच्या त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, पोरं हाडांच्या दुखण्याने रडतात. आईबाप दोघंही वाहक असले, दोघांना काही त्रास नसला तरी प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता पोराला रोग होण्याची. त्याने सगळं ऐकून घेतलं. "ते कयलं," तो म्हणाला. "त्या पोरायले द्याचे तर देतो. पन तुमी पयता कायले?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मुंबईत हा प्रश्न कुणी विचारत नाही, तिथे ते गृहीत आहे. मॅडमनी मला टेरी फॉक्सची गोष्ट सांगितली होती. कॅनडातला कॅन्सरने एक पाय गेलेला पोरगा, 1980 साली लाकडी नव्हे पण कृत्रिम पायावर 143 दिवस रोज पळत राहिला, पाच हजारांवर किलोमीटर. प्रत्येक कॅनडावाल्याने एक डॉलर द्यावा एवढंच त्याचं मागणं. गोष्ट मोठी आहे, पण टपरीवर सांगितली असती तर चहावाल्याने माझे दोन्ही पाय मोजले असते. त्यापेक्षा मला जवळचा वाटला तो अंताजी दामोदर काळ्यांचा पैसा फंड. माणशी एक पैसा मागत फिरायचं, आणि त्यातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा करायचा! घरी दासबोध होता, त्यात भिक्षेवर आख्खा समास आहे, तोही वाचून काढला. धीर आला, पण समर्थांच्या झोळीला ऑडिट नव्हतं.

रात्री हिशेब करताना सुचलं. अंतर एकवीस किलोमीटर, म्हणजे नेमकं 21.097. एकवीस हा तर आपला शकुनाचा आकडा! अकरा, एकवीस, एक्कावन्न. किलोमीटरला एक रुपया घेतला तर माणशी एकवीस. दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलो आणि एवढंच म्हणालो, "किलोमीटरला रुपया." चहावाल्याने गल्ल्यातून दहाच्या दोन नोटा आणि एक नाणं काढून पाटीवर ठेवलं. "आता बरोबर," तो म्हणाला. "आता मजुरी झाली."

मजुरी! एवढा सोपा अर्थ मला सुचला नव्हता. माणूस राबेल आणि राबल्याचे पैसे पोरांना जातील.

तेव्हापासून पावत्या फाटू लागल्या. भाजीवाली, सायकलवाला, पानटपरी, तहसील ऑफिसातले शिपाई. एक तेलुगू किराणावाले माझ्या पावतीपुस्तकाकडे बघून विचारायचे, "एन्नि किलोमीटर्लु, अन्ना?" किती किलोमीटर? आणि मग 'दोन किलोमीटर लिही', 'आमच्या आईच्या नावाने पाच लिही' अशी भाषाच तयार झाली. पुढेपुढे रुपया हा शब्द कुणी काढेनासं झालं.

मला सल्ला मिळाला होता की एवढ्या चिल्लरीला पावती कशाला, एक डबा ठेवा. डबा मी ठेवला नाही. निनावी देणग्यांसाठी आयकरात वेगळं कलम आहे, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे स्वभाव. एकवीस रुपयांना नाव-पत्त्यासकट पावती, हातात. पावतीच्या छपाईलाच जवळजवळ रुपया पडतो, म्हणजे एक किलोमीटर गेला छापखान्याला. पण मी पाहिलं, लोक ती पावती घडी करून शर्टाच्या खिशात ठेवत. पाच हजारांचा दाता पावती ड्रॉवरमध्ये टाकतो, मार्चमध्ये सीएला देतो. एकवीसवाला दुसऱ्याला दाखवतो.

मोठ्या रकमांचं दुखणं वेगळं. एक कापडवाले एक्कावन्नशे रोख देत होते, आयकरातली ऐंशी-जीची सूट हवी होती. मी सांगितलं, दोन हजारांवर रोख दिलं तर सूट नाही, चेक द्या किंवा ऑनलाइन पाठवा. ते नाराज झाले. माझ्यातला हिशेबनीस मागणाऱ्याच्या पायात पाय घालत होता. शेवटी त्यांनी दोन हजार रोख दिले आणि बाकीचे 'पुढच्या वर्षी'. शेजारचा माणूस हसून म्हणाला, सार, तुम्ही पैसे मागायला आलात की परत करायला?

तो हंगामही विचित्र होता. आदल्या वर्षी कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला सगळ्यांनी पाहिला होता. 2022-23 ला लांब धाग्याचा हमीभाव 6,380, बाजारात आठ हजारांच्या आसपास, पण शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे दहा हजारच. त्यामुळे जैनथ, बेला, तामसीकडे ज्याच्या घरी जावं त्याच्या घरात कापूस. पुढच्या खोलीत कापूस, देवघराला टेकून कापूस, पोरांच्या अंगाला खाज. "भाव येऊ द्या सार, दहा किलोमीटर देतो." भाव आला नाही. ते पैसेही आले नाहीत, पण त्यांचा मला राग नाही. उलट वाईट वाटतं ते, मी त्या खोलीत कापसाच्या ढिगाला टेकून बसलो आणि पुस्तक काढलं, याचं. पेनगंगेकाठच्या एका म्हाताऱ्याने तर कापसातच हात घालून दोन मुठी माझ्या पिशवीत टाकल्या. "हे लिहा," म्हणाला. पावतीवर काय लिहू? 'वस्तुरूप देणगी, कापूस, वजन अंदाजे पावशेर' असं लिहिलं. ऑडिटरने त्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि नंतर स्वतःच खोडलं.

यार्डातल्या हमालांनी टोळीचे मिळून दिले. कापूस कमी येत होता, म्हणजे त्यांचीही मजुरी कमी. तरी दिले. मी त्यांना शर्यतीचा रस्ता सांगत होतो: माहीमहून सुटायचं, मग समुद्रावरच्या पुलावरून वरळी. टोळीचा मुकादम म्हणाला, "समुद्रावरचा किलोमीटर आमचा लिहा." त्यांच्यापैकी कुणीच समुद्र पाहिलेला नव्हता. मी लिहिलं.

एका जिनिंगच्या मालकांनी किलोमीटरला हजार, म्हणजे एकवीस हजार कबूल केले. अट एकच, बनियनच्या पाठीवर जिनिंगचं नाव. मी स्वतःच्या खिशातून छापून घेतलं, फोटो पाठवला. 'बढिया' असं उत्तर आलं. त्यानंतर ते कधी हैदराबादेत असत, कधी जेवत असत, कधी नुकतेच बाहेर पडलेले असत. सहा फेऱ्यांनंतर मी जाणं बंद केलं. वसुली आणि मागणं यांत फरक आहे, आणि सहाव्या फेरीला तो पुसला जातो.

आता त्या पावतीबद्दल, जिच्याबद्दल मला खरं लिहायचं आहे.

डिसेंबरात नारनूरकडे शिबिर होतं. तिथली एक मुलगी, आश्रमशाळेत आठवीत, आमच्या रजिस्टरात दोन वर्षांपासून. थंडीत या पोरांचं दुखणं उसळतं. तिचा बाप तिला पाठीवर घेऊन आला होता, कारण गुडघे वाकत नव्हते. डॉक्टर तिला तपासत होते. मी बाजूला बसून औषधांचा स्टॉक मिळवत होतो. टेबलावर पावतीपुस्तक होतं. बाप आला, पुस्तकाकडे बघितलं आणि विचारलं, "हे पयन्याचं हाय का?" गावातल्या दुकानदाराने त्याला सांगितलं होतं. मी हो म्हणालो. त्याने कमरेच्या पिशवीतून सुट्टे काढून मोजले. एकवीस.

मी म्हणालो, "तुमच्याकडून नको. हे तुमच्याच पोरांसाठी आहे."

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या डोक्यात दया नव्हती. डोक्यात ऑडिट होतं. लाभार्थी आणि दाता एकच नाव, हे रजिस्टरात कसं दिसेल? त्याला मात्र वेगळंच ऐकू आलं. तो थांबला, मग हळूच म्हणाला, "आमी इथून फुकट घेतो म्हनून आमचं लिहीत नाही का?"

मी पुस्तक उघडलं. नाव विचारलं, गाव विचारलं. माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात. त्या पावतीवरचं वाकडं आलं आहे. पावती घेऊन तो म्हणाला, "लग्नात आहेर देतो तसं हे. आज मी, उद्या तुमी." आणि पोरीला पाठीवर घेऊन जीपकडे गेला. तिला आदिलाबादच्या रिम्स दवाखान्यात न्यायचं होतं, रक्त द्यावं लागणार होतं. त्या दिवशीच्या डिझेलचं व्हाउचरही मीच लिहिलं. ते एकवीसच्या कितीतरी पट होतं, पण ते आकडे मी एकमेकांशेजारी मांडून पाहिले नाहीत.

जानेवारीच्या सुरुवातीला उटनूरच्या वाटेवर गोंडांच्या मेस्राम कुळाची दिंडी भेटली. दिंडी हा माझा शब्द, ते तसं म्हणत नाहीत. पौषात केस्लापूरच्या नागोबाची जत्रा असते. तिच्याआधी मेस्राम लोक हस्तिनमडुगूला जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. पांढऱ्या कापडात गुंडाळलेली झारी, पाय अनवाणी, वाटेवरची गावं मुक्कामाला जागा आणि जेवण देणार. एका झाडाखाली ते टेकले होते. मी जीप थांबवली. त्यातल्या एका म्हाताऱ्याला माझं पळणं जीपच्या ड्रायव्हरने सांगितलं. म्हाताऱ्याने माझ्या बुटांकडे पाहिलं, किंमत विचारली. किमतीला तो हसेल म्हणून मी किंमत कमी सांगितली, तरी हसला. मग विचारलं, पळून काय आणणार? मी म्हणालो, पैसे. "ते तर तू निघायच्या आधीच घेतले," तो म्हणाला. "मग पळून काय आणणार?"

चहावाल्याचा प्रश्न होता पळता कशाला, याचा होता आणणार काय. दोन्ही मी मुंबईला घेऊन गेलो.

नंदीग्राम एक्सप्रेसने निघालो, बीकेसीत बिब घेतला. शर्यतीच्या दिवशी नेमकी संक्रांत होती आणि मुंबईलाही गारवा होता. खिशात एक लांब चिठ्ठी होती, एक ते एकवीस, प्रत्येकापुढे नावं. चहावाला आणि टपरीवरचे पहिल्या किलोमीटरला. हमालांचा समुद्र. कापसाच्या मुठीचा म्हातारा बाराव्याला. मुलीच्या बापाचा एकविसावा.

हमालांच्या किलोमीटरला मी पुलावर होतो आणि बाहेर मिट्ट काळोख. समुद्र दिसलाच नाही. खारा वास, वारा आणि हजारो बुटांचा आवाज. पुढे मरीन ड्राइव्हला उजाडलं तेव्हा दिसला. तिथे थांबून फोटो काढला आणि परत आल्यावर हमालांना तोच दाखवला, 'हा तुमचा'. एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यात टाकण्याचा अपराध मी आयुष्यात तेवढा एकदाच केला.

पेडर रोडचा चढ मी चाललो. तो जिनिंगच्या मालकांचा होता. पळण्याइतके पैसे आले नव्हते. पाठीवर त्यांचं नाव मात्र होतंच, म्हणजे मुंबईभर मी त्यांची फुकट जाहिरात करत होतो. एका पोराने मागून ते नाव मोठ्याने वाचून 'कम ऑन' अशी आरोळीसुद्धा ठोकली.

शेवटच्या किलोमीटरला चिठ्ठी घामाने भिजून अक्षरं फुटली होती. वाचायची गरज नव्हती. दोन तास एक्कावन्न मिनिटं लागली. पदक मिळालं, केळं मिळालं, कुणीतरी तिळगूळ दिला. म्हाताऱ्याचा प्रश्न तिथेही होता: काय आणणार? हातात तर केळं होतं.

सहा दिवसांनी, 21 जानेवारीला, केस्लापूरच्या जत्रेला गेलो. नागोबाचं नवं दगडी मंदिर तेव्हा महिन्याभरापूर्वीच पुरं झालं होतं, मेस्राम कुळाने आपापसात पैसे काढून बांधलेलं. आकडा जमवण्यात मी स्वतःला शहाणा समजू लागलो होतो. ते मंदिर पाहिल्यावर गप्प बसलो. त्यांनी कुणाला लिंक पाठवली नव्हती.

हिशेब असा झाला. एकूण 641 दाते, 83,416 रुपये. त्यातले एकवीसवाले 402, त्यांचे 8,442. लाख पुरे झाले नाहीत. पैशांतून तपासणीचं साहित्य आलं, पोरांना रिम्सला न्यायचा खर्च निघाला. सहा महिन्यांनी, 1 जुलैला, मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. आता यार्डातही लोकांनी तो शब्द ऐकलेला असतो, मला विळा काढून दाखवावा लागत नाही.

अहवाल दिला, ऑडिट झालं, उरलेल्या नऊ कोऱ्या पावत्यांवर तिरकी रेघ मारून 'रद्द' लिहिलं. खातं बंद. असं मला वाटलं.

उन्हाळ्यात लग्नसराई आली आणि पत्रिका यायला लागल्या. भाजीवालीच्या मुलाचं लग्न, सायकलवाल्याच्या भाचीचं, ज्यांची नावं मला पावतीमुळेच माहीत अशा घरांची. पत्रिका देताना कुणी पावतीचं नाव काढत नाही, पण दोघांनाही ती आठवत असते. मोहरमच्या सबिलीवाले आले, भादव्यात गणपतीवाले आले, शाळेच्या गॅदरिंगवाले आले. 641 घरं! बायकोने एक जाड वही आणून दिली, आहेराची असते तशी, डावीकडे 'आले', उजवीकडे 'गेले'. संस्थेच्या खात्यात जे जमा आहे ते माझ्या या वहीत देणं आहे. पगारातून दर महिन्याला थोडं फेडतो. मुलीच्या बापाच्या नावापुढची उजवी बाजू अजून कोरी आहे. त्याच्या घरी काही कार्य निघालेलं नाही. पोरीला आता गोळ्या नियमित चालू आहेत आणि ती दहावीला बसली आहे, एवढं रजिस्टरातून कळतं.

परवा चहावाल्याचा मुलगा घरी आला. कबड्डीचे सामने ठेवलेत, हातात नवं कोरं पावतीपुस्तक, कार्बन उलटा घातलेला. मी तो सुलटा करून दिला. त्याने पेन उघडलं, माझं नाव लिहिलं आणि रकमेच्या जागी थांबून वर बघितलं.

"काका, किती किलोमीटर लिहू?"